परदेशगमन आणि जोखमीची खतावणी

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी बॅरिस्टरीच्या शिक्षणासाठी मुंबईहून इंग्लंडला निघाले. त्यापूर्वी त्यांच्या घरात बराच खल झाला होता. मातोश्री पुतळीबाईंच्या मनातील शंका फिटेनात, तेव्हा कुटुंबाचे सल्लागार असलेल्या बेचरजी स्वामी या जैन साधूंना विचारण्यात आले. पूर्वाश्रमी मोढ वणिक असलेल्या या साधूंनी मोहनदासकडून मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करवून घेतली आणि त्यानंतरच आईने संमती दिली. पुढे पाच वर्षांनी, १८९३ मध्ये, वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले. तेव्हाही समुद्रोल्लंघनाच्या प्रश्नावरून समाजातील काहींनी विरोध केला होता.

त्या काळच्या वडीलधाऱ्यांना ज्या संकटांची भीती वाटत होती ती आज वेगळी वाटतील. परंतु त्यांची पद्धत शिकण्यासारखी होती. मूल घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी धोका कोणता हे त्यांनी नाव घेऊन सांगितले, त्यावर उपाय ठरवला आणि तो पाळण्याचे वचन घेतले. २०२४ मध्ये सुमारे १३ लाख भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत होते. त्यांत व्यापारी जैन कुटुंबांतील मुलामुलींची संख्या लक्षणीय आहे. शिवाय समाजाच्या विश्वस्त मंडळांकडून चालवली जाणारी महाविद्यालये दुबई, सिंगापूर यांसारख्या ठिकाणी अभ्यासदौरे नेऊ लागली आहेत. म्हणजे पालक आणि विश्वस्त अशा दोन्ही नात्यांनी हा प्रश्न समाजापुढे उभा आहे. प्रवेश, शुल्क, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांची तयारी वर्षभर चालते. सुरक्षिततेचा विचार मात्र बहुधा विमानतळावरच्या ‘सांभाळून राहा’ या दोन शब्दांत आटोपतो.

भीती कशाची आणि हानी कशाने

जोखमीचे व्यवस्थापन सुरू होते ते तिच्या खऱ्या मोजमापाने. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा परदेशात मृत्यू झाला. त्यांपैकी १७२ कॅनडात आणि १०८ अमेरिकेत होते. वर्तमानपत्रांतील मथळे वाचून बहुतेक पालकांच्या मनात हल्ल्याची धास्ती असते. परंतु या ६३३ पैकी हल्ल्यांत बळी पडलेल्यांची संख्या १९ होती. उरलेल्या मृत्यूंची कारणे नैसर्गिक, अपघाताची वा आजारपणाची अशी होती.

हल्ल्याचा धोका खोटा आहे असा याचा अर्थ नाही. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केक शहरात परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हा तेथील हजारो भारतीय विद्यार्थ्यांना घराबाहेर न पडण्याची सूचना दूतावासाला द्यावी लागली होती. तरीही खतावणीत प्रत्येक खात्याला त्याच्या रकमेप्रमाणे जागा मिळते, तशीच धोक्यांनाही मिळाली पाहिजे. बर्फावरून गाडी चालवण्याचा सराव नसणे, अनोळखी समुद्रात वा तलावात उतरणे, अंगावर काढलेला ताप, महिनोन्महिने कोणाशी न बोललेले नैराश्य या बाबी मथळ्यात येत नाहीत, पण घरच्या चर्चेत त्या आधी यायला हव्यात. विशेषतः मानसिक अस्वास्थ्याबद्दल व्यापारी कुटुंबांत मौन पाळले जाते. ‘इतके पैसे खर्च केले आणि हा परत आला’ असे लोक म्हणतील, या धाकाने मुले अपयश लपवतात. गरज पडली तर परत येता येईल, त्यात नामुष्की नाही, हे आईवडिलांनी जाण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

युक्रेनचा धडा : निर्णय कोण घेणार आणि केव्हा

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्ह येथील भारतीय दूतावासाने, ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा असे कळवले. अनेक विद्यार्थी थांबून राहिले. वर्ग ऑनलाइन होतील याची विद्यापीठांकडून खात्री मिळत नव्हती आणि हजेरी बुडण्याची भीती होती. २२ फेब्रुवारीला दूतावासाने, विद्यापीठांच्या निर्णयाची वाट न पाहता निघा, असे अधिक स्पष्टपणे सांगितले. दोनच दिवसांनी, २४ तारखेला, युद्ध सुरू झाले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. १ मार्चला खारकीव्ह शहरात कर्नाटकातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा गोळीबारात मृत्यू झाला. तो खाण्याचे सामान आणण्यासाठी बाहेर पडला होता. सुमी शहरात अडकलेल्या सुमारे ७०० विद्यार्थ्यांना ८ मार्चपर्यंत तळघरांत वाट पाहावी लागली. ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेत ९० विमानफेऱ्यांतून सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. ही कामगिरी मोठीच होती.

तरी पालकांनी लक्षात ठेवावे ते १५ ते २४ फेब्रुवारी हे नऊ दिवस. त्या दिवसांत विमाने चालू होती. नव्हता तो निर्णय घेण्याचा पूर्वनियोजित निकष. परिस्थिती बिघडत असताना विद्यार्थी विद्यापीठाकडे पाहतो, विद्यापीठ शासनाकडे पाहते आणि पालक दूरचित्रवाणीकडे पाहतात. बाजार कोसळू लागल्यावर किती तोटा सोसून बाहेर पडायचे हे शहाणा व्यापारी सौदा करतानाच ठरवतो. परदेशातील मुलासाठीही असा निकष आधीच ठरवता येतो. भारतीय दूतावासाने देश सोडण्याचा सल्ला दिला, की त्या आठवड्यात निघायचे. शुल्काचा आणि हजेरीचा विचार नंतर करायचा. तिकिटापुरती रक्कम त्यासाठी वेगळी बाजूला ठेवायची.

जुलै २०२४ मधील बांगलादेशच्या आंदोलनाने दुसरा धडा दिला. १८ जुलैपासून तेथे इंटरनेट बंद झाले आणि फोन लागणेही कठीण झाले. हजारो भारतीय विद्यार्थी त्रिपुरालगतचे आखौरा, मेघालयातील डावकी अशा सीमा नाक्यांवरून परतले. ज्यांचा संपूर्ण संपर्क व्हॉट्सॲपवर अवलंबून होता त्यांच्या घरी ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना करता येते. म्हणून संपर्क तुटल्यास मूल कोठे थांबेल, कोणत्या मित्रासोबत राहील, कोणत्या मार्गाने निघेल आणि घरातील कोण दूतावासाशी बोलेल, हे कागदावर लिहून दोन्हीकडे ठेवलेले असावे.

संस्थेची जबाबदारी

महाविद्यालयाचा अभ्यासदौरा निघतो तेव्हा जोखीम कुटुंबाकडून संस्थेकडे जाते. समाजातील विश्वस्तांनी येथे थांबून विचार करण्यासारखी दोन प्रकरणे आहेत.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका निवासी शाळेने २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चीनला नेले. त्यांतील १५ वर्षांच्या एका मुलीला डोंगरावरील झाडीत गोचीड चावून मेंदूज्वर झाला आणि तिची वाचा कायमची गेली. त्या भागात कीटकजन्य आजार होऊ शकतात याची पूर्वसूचना शाळेने दिली नव्हती, संरक्षणाची दक्षताही घेतली नव्हती. २०१३ मध्ये ज्यूरीने तिला ४ कोटी १५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. पुढे २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की असा धोका दुर्मीळ असला तरी विद्यार्थ्यांना सावध करणे हे शाळेचे कर्तव्यच होते.

दुसरे प्रकरण आपल्याच देशातील आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी, धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. उच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी विद्युत मंडळ व राज्य शासन यांच्याबरोबर महाविद्यालयावरही टाकली. सहल आयोजकाकडे काम सोपवले म्हणजे संस्थेचे उत्तरदायित्व संपत नाही. पालकांची सही घेतलेले संमतिपत्र फाइलला असले तरी हलगर्जीपणा माफ होत नाही.

मग संस्थेने काय करावे? प्रवासातील जोखमीसाठी २०२१ मध्ये ‘आयएसओ ३१०३०’ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक प्रसिद्ध झाले आहे. त्याच धर्तीवर विचार केला तर पुढील गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाला जमण्यासारख्या आहेत. दौऱ्याला मंजुरी देताना ठिकाणाची लेखी जोखीम-पाहणी जोडलेली असावी : हवामान, आजार, वाहतूक, स्थानिक कायदे, जवळचे रुग्णालय, भारतीय दूतावास. दौरा रद्द करण्याचा अधिकार कोणाचा हे ठरावात नमूद असावे, अन्यथा आगाऊ भरलेल्या रकमेच्या मोहाने कोणीच तो निर्णय घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे आजार, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची माहिती सोबतच्या प्राध्यापकांकडे बंद पाकिटात असावी.

सोबत जाणाऱ्या शिक्षकांचा विचार तर फारच कमी होतो. चाळीस मुलांबरोबर एकच प्राध्यापक असेल आणि एक मुलगी रुग्णालयात दाखल झाली, तर उरलेल्या एकोणचाळीस जणांकडे कोण पाहणार? म्हणून किमान दोन आणि मुली असतील तर त्यांत एक महिला प्राध्यापक, हा साधा हिशेब आहे. त्या शिक्षकांचा विमा संस्थेने काढावा, अडचणीच्या वेळी खर्च करता येईल अशी रक्कम त्यांच्या हाती असावी आणि मुख्यालयात रात्री-अपरात्री फोन उचलणारी एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असावी. कर्मचाऱ्याला मुलांची जबाबदारी देऊन अधिकार व पैसा न देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

परदेशी विद्यापीठ निवडतानाही अशीच चौकशी करता येते. अमेरिकेत १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार, केंद्रीय अर्थसाहाय्य योजनांत सहभागी असलेल्या महाविद्यालयांना मागील तीन वर्षांतील परिसरातील गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावे लागतात. शुल्काचे तक्ते अभ्यासणाऱ्या पालकांनी हा अहवालही वाचावा.

विम्याची बारीक अक्षरे

विमा म्हणजे जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर देणे. परंतु विमापत्रातील अपवाद न वाचता ती जोखीम गेली असे समजणे धोक्याचे आहे. युद्ध, साहसी खेळ, मद्यपानानंतरचा अपघात आणि आधीपासूनचे आजार हे बहुतेक विमापत्रांत वगळलेले असतात किंवा त्यांवर मर्यादा असतात. भारतीय कंपन्यांच्या विद्यार्थी विमा योजनांत काही उपयुक्त कलमे मिळतात, ती आवर्जून पाहावीत. शुल्क भरणाऱ्या पालकाचे निधन झाल्यास उरलेले शुल्क देणारे कलम, विद्यार्थी दीर्घकाळ रुग्णालयात असल्यास घरच्या एका व्यक्तीचा प्रवासखर्च देणारे कलम, आजारपणामुळे शिक्षण खंडित झाल्यास भरपाई देणारे कलम आणि रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च देणारे कलम ही त्यांतील महत्त्वाची. व्यापारी कुटुंबात अनेकदा एकाच व्यक्तीच्या उत्पन्नावर मुलाचे शिक्षण अवलंबून असते, तेथे पहिले कलम फार मोलाचे ठरते.

देशोदेशीची व्यवस्थाही वेगवेगळी आहे. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड झाला. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांना ठरावीक आरोग्य विमा सक्तीचा आहे. अमेरिकेत अनेक विद्यापीठे स्वतःचाच विमा घ्यायला लावतात. तेव्हा दोनदा हप्ता भरण्यापूर्वी विद्यापीठाचे नियम पाहणे हिताचे.

पैसा : ‘इकडे द्या, तिकडे घ्या’

व्यापारी कुटुंबांच्या मुलांपुढे एक विशेष धोका असतो आणि त्याबद्दल उघड बोलले जात नाही. मुलाला पौंड वा डॉलर हवे असतात. ओळखीतला कोणी सांगतो, ‘बँकेची कटकट कशाला? येथे रोख द्या, तिकडे माझा माणूस मुलाच्या खात्यात भरणा करील.’ दर किंचित बरा मिळतो, कागदपत्रे लागत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर चालणाऱ्या पेढ्यांत वाढलेल्यांना त्यात वावगे वाटत नाही.

परदेशात प्रत्यक्षात घडते ते असे. मुलाच्या खात्यात अनोळखी माणूस रोख भरतो. ती रक्कम अमली पदार्थांच्या विक्रीची किंवा फसवणुकीची असू शकते. बँकेची संगणक यंत्रणा हा भरणा संशयास्पद ठरवते आणि खाते गोठवते. विद्यार्थी कारण विचारतो तेव्हा बँक कर्मचारी गप्प राहतो, कारण चौकशीची बातमी संबंधितास देणे हा तेथे स्वतंत्र गुन्हा आहे. भाडे आणि शुल्क थकते. ब्रिटनमध्ये गुन्ह्याच्या पैशाची उलाढाल केल्यास १४ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. मुलगा निर्दोष ठरला तरी व्हिसा आणि पुढील नोकरी यांवर सावट येते. इकडे वडिलांच्या हातूनही परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा भंग होतो, त्यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार प्रत्येक निवासी व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम अधिकृत बँकेमार्फत पाठवता येते. सरळ मार्ग इतका रुंद असताना आडवाटेने जाण्याचे कारण उरत नाही.

ज्याचे खाते त्यानेच वापरावे, हा नियम मुलांच्या मनावर ठसवला पाहिजे. ‘तुझ्या खात्यात काही रक्कम येईल, थोडी ठेव आणि उरलेली पुढे पाठव’ असे सांगणारा मित्र, गावचा असला तरी, टाळावा. शिक्षण संपवून परतताना खाते कोणाला ‘देऊन’ येऊ नये, ते रीतसर बंद करावे. दूतावासातून किंवा व्हिसा विभागातून बोलतो असे सांगून पैसे मागणारे फोन हमखास बनावट असतात. असा फोन आला की तो ठेवावा आणि अधिकृत क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी.

प्रवेशाच्या बाबतीतही शॉर्टकट महागात पडतो. मिशिगनमधील ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ हे अमेरिकी तपास यंत्रणेनेच उभे केलेले बनावट विद्यापीठ होते. वर्गात न जाता व्हिसा टिकवण्यासाठी तेथे नाव नोंदवलेल्या १२९ भारतीयांना २०१९ मध्ये ताब्यात घेण्यात आले. एजंटाच्या शब्दावर विसंबण्याऐवजी प्रवेशपत्राची खात्री थेट विद्यापीठाकडून करून घ्यावी.

सामान, औषधे आणि आहार

आईने प्रेमाने भरलेली पेटीही कायद्याच्या कक्षेत येते. घरोघरी मसाल्यात आणि लाडवात वापरली जाणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत व सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली प्रतिबंधित आहे. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन आणि वेदनाशामक ट्रामाडोल यांवर अमिरातीत कडक निर्बंध आहेत. तेव्हा औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि त्या देशाचे नियम पाहूनच न्यावीत. ऑस्ट्रेलियात उतरताना बिया, डाळी, दुधाचे पदार्थ असल्यास ते अर्जात जाहीर करावे लागतात. लपवल्यास दंड होतो, जाहीर केल्यास फार तर वस्तू काढून घेतली जाते.

आहाराचे व्रत पाळणाऱ्यांनी ऋतूचाही विचार करावा. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. चौविहार पाळणारी मुलगी वर्गातून बाहेर पडते तेव्हा काळोख पडलेला असतो. तिने उपाशी राहावे किंवा चिडून व्रत सोडावे, यापेक्षा निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांशी बोलून तिला निभावेल असा नियम घेणे शहाणपणाचे. खाखरे, भाजलेले चणे, सुकामेवा आणि पाणी असा तीन दिवसांचा साठा खोलीत कायम ठेवला, तर वादळ, बंद किंवा दंगल अशा वेळी बाहेर पडण्याची गरज राहत नाही.

घरातील एक फाइल

कुटुंबाने एक फाइल करावी. तीत पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, विमापत्र, रक्तगट, राहण्याचा पत्ता, दोन मित्रांचे आणि घरमालकाचे क्रमांक असावेत. कागदांच्या प्रती व्हॉट्सॲपच्या गटात फिरवू नयेत. परदेशात पोहोचताच विद्यार्थ्याने भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवावे. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ संकेतस्थळ २०१५ पासून उपलब्ध आहे. दोन बँक कार्डे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत.

आणखी एक बाब अनेकांना अनपेक्षित वाटते. अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्याची शैक्षणिक वा वैद्यकीय माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांना सहसा दिली जात नाही, मग शुल्क कोणीही भरलेले असो. मुलगा रुग्णालयात असताना हे कळणे त्रासाचे ठरते. म्हणून अशी संमतिपत्रे सुरुवातीलाच भरून ठेवावीत.

समाजाचे बळ

जैन समाजाकडे एक ठेवा आहे जो विकत मिळत नाही. लेस्टर, लंडनजवळील पॉटर्स बार, अँटवर्प, कोबे, सिंगापूर, कॅलिफोर्नियातील मिलपिटास अशा अनेक ठिकाणी जैन मंदिरे वा केंद्रे आहेत. उत्तर अमेरिकेतील संघांची ‘जैना’ ही मध्यवर्ती संस्था १९८१ पासून कार्यरत आहे. नवख्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यातच जवळच्या संघात जाऊन ओळख करून घ्यावी. पर्युषणात एकदा दर्शन घेऊन आलेल्या मुलाला संकटात हाक मारायला एक दार असते. येथील संघांनीही दरवर्षी जून-जुलैत, निरोप समारंभाबरोबर, जाणाऱ्या मुलांसाठी दोन तासांची माहितीसभा ठेवावी आणि तीत परतलेल्या विद्यार्थ्यांना बोलते करावे.

जैन आचारात चालताना पावलापुढची भूमी पाहण्यास ईर्यासमिती म्हटले आहे. ती चालणे थांबवायला सांगत नाही, पाहून चालायला सांगते. ज्या महाविद्यालयाचा पुढील अभ्यासदौरा ठरत आहे त्याच्या विश्वस्तांनी येत्या सभेत जोखीम-पाहणीचा विषय घ्यावा. ज्या घरातील मूल येत्या सत्रात निघणार आहे त्या घराने एका रविवारी सर्वांनी मिळून ती फाइल पूर्ण करावी आणि कोणत्या परिस्थितीत परत यायचे हे तीत पहिल्याच पानावर लिहावे.